द्राक्ष, जांभूळ अन् मागच्या वर्षीची वाटी

९ मार्च, रवि.
चर्चमधून परस्पर कॉटन मार्केट. काळी द्राक्षं आणली. पोरगा पुण्याहून फोनवर म्हणे, "बाबा, आई नाही आता. काहून करता हा उपद्व्याप?" काहून म्हणजे? आपल्या घरी नाताळाले वाइन नाही, असं कधी झालं का? फोन ठेवला. द्राक्षं धुऊन पंख्याखाली पसरली. पाण्याचा थेंब राहिला की बुरशी आलीच, हे बायकोचं, माझ्या रू.चं, दरवर्षीचं पालुपद.

१० मार्च
हातानं कुस्करली. साखर, यीस्ट, मूठभर गहू. बरणीले फडकं बांधलं. सारी नोकरी खापरखेड्याच्या पॉवर स्टेशनात काढली, कधी घाबरलो नाही. ह्या बरणीची मात्र भीती वाटून राहिली. रोज ढवळायचं विसरू नये.

२५ जून
कन्हानकडची बाई दारावर जांभळं घेऊन आली. सारीच घेतली. बिया काढता काढता हात जांभळे. लग्नाच्या पहिल्या वर्षी रूथ असेच हात घेऊन चर्चमध्ये आली होती. लाजून पदराखाली लपवे, अन् माय ज्याले त्याले सांगे, "आमची सून कामाची आहे वं!" आज माझे हात पाहून कोणीच काही बोललं नाही.

२० नोव्हें.
दोन्ही बरण्या मस्त निवळल्या. द्राक्षाची नुसतीच गोड. जांभळाची तुरट, जीभ धरते. दोन्ही मिसळायच्या अन् शेवटी मागच्या वर्षीची वाटीभर टाकायची. मायनं कामठीले असताना सुरू केलं, रू.नं एकही वर्ष चुकवलं नाही. म्हणजे त्या वाटीत त्याआधीची वाटी, तिच्यात तिच्याआधीची...
एकच बाटली उरली आहे. रू.च्या हातची शेवटची. कपाटात मनुकांच्या डब्यामागं, तिनं ठेवली तिथंच. मी हातही नाही लावला.

२९ नोव्हें.
बाटली रिकामी.
सून अनिता काल पुण्याहून आली, केकचा मेवा भिजवायले. भिजवला. त्याच बाटलीतल्या वाइनमध्ये. "मनुकांच्या मागंच होती न बाबा, मले वाटलं आईनं केकसाठीच ठेवली." सावनेरची पोरगी, इतकी वर्षं ह्या घरात, अन् विचारता नाही आलं? तिले तसंच म्हटलं. जेवलो नाही.

१ डिसें.
दोघंही बोलून नाही राहिलो. सकाळी पाहतो तर अनिता ओट्यापाशी मलमलीच्या फडक्यात मेवा पिळून राहिली. "बाबा, निघून राहिली थोडी." वाटीभर निघाली. गढूळ. वास दालचिनीचा, लवंगेचा, संत्र्याच्या सालीचा. रू.ले वाइनमध्ये मसाला बिलकुल चालत नसे. "औषध करता का त्याचं?" म्हणायची. डोळ्यांत पाणी आलं. अनितानं पाहिलं. पाहू दे.

७ डिसें., रवि.
मिसळायले बसलो. दोन ग्लास द्राक्षाची, एक जांभळाची. घोट घ्यायचा, कोरडी पोळी चावायची, मग पुन्हा घोट. रू. असंच करे, अन् चव जुळली की डोळे मिटून म्हणे, "आलं!" मले काही "आलं" म्हणता येईना. जांभळाची वाढवली. पुन्हा पोळी. अनिताले दिली.
"चांगली आहे बाबा. पण आईची नाही."
खरं बोलली.
वाटी समोर. टाकली तर रू.ले नको तो मसाला. नाही टाकली तर मायपासून चालत आलेलं माझ्या हातानं बंद. फार आठवण आली रू.ची. इथं बसून भांडली असती तरी चाललं असतं.
"तुम्ही म्हणाल तसं," अनिता म्हणे.
टाकली. ढवळली. चाखली नाही. चाखायची हिंमतच नाही झाली. नाताळाच्या जेवणाले पाहू.
पुढच्या वर्षासाठी एक बाटली अनिताच्या हातानं भरून घेतली. ठेवली तिथंच, मनुकांच्या डब्यामागं. ह्या खेपेले तिनं वर कागद चिकटवला, मोठ्या अक्षरांत: केकसाठी नाही.