बर्फाखालचा आकडा

११ जानेवारी
आकडा २.४! दहा दिवसांपूर्वी ३.६ होता. मत्स्यखात्याचा डेल बर्फाला भोक पाडतो, मापकाची तार पाण्यात सोडतो आणि डॉक्टरने एक्स-रे बघावा तसा चेहरा करतो. पाण्यात विरघळलेला प्राणवायू. एकच्या खाली गेला की कुर्की तळ्यातले मासे गुदमरले म्हणून समजायचं.

चार वर्षांपूर्वी गुदमरलेच. एप्रिलमध्ये बर्फ वितळला आणि अख्खा काठ पांढऱ्या पोटांनी भरला. पोत्यांनी उचलले आम्ही.

डेल म्हणाला, "पुन्हा तसं झालं तर खातं इथे मासे सोडायचं बंद करणार, सिल्वीबाई. कागदोपत्री हे डबकं होईल."

डबकं! पंधरा वर्षं मी साप्ताहिकात या गावाची टर उडवते आहे, पण 'डबकं' मीसुद्धा कधी लिहिलं नाही.

१४ जानेवारी
तळे मंडळाचा ठराव झाला. म्हणजे आर्वोच्या सौनात, तापल्या दगडांच्या वाफेच्या खोलीत झाला. आधी पुरुष वाफ घेतात, मग आम्ही बायका. आमची पाळी येईपर्यंत दगडही निवतात आणि निर्णयही होऊन गेलेला असतो.

बाहेर येऊन आर्वोने आम्हाला ऐकवलेला ठराव असा: तळ्याच्या सगळ्यात खोल जागी, अगदी तळाशी, हवेचा पंप सोडायचा. आर्वो मंडळाचा अध्यक्ष. लोखंडाच्या खाणीत एकतीस वर्षं काढलेला माणूस. म्हणाला, "खाणीत माणसं जगवायची तर हवा तळापर्यंत न्यावी लागते. मला शिकवू नका."

डोलोरेस शाळेत चाळीस वर्षं जीवशास्त्र शिकवायची. ती म्हणाली, "तळाशी गाळ आहे, आर्वो."

"खाणीत काय गालिचा होता?"

सगळे हसले. मीही.

१९ जानेवारी
१.३.

पंपाने गाळ उसळला. वर्षानुवर्षांची कुजलेली पानं वर आली आणि उरलासुरला प्राणवायू पिऊन बसली. आर्वोने पंप एकट्याने ओढून काढला. कुणाची मदत घेतली नाही. हातमोजे ओले, मिशीला बर्फ.

माझा लेख तयार होता. मथळासुद्धा झकास होता. छापायला दिला नाही. म्हातारी होत चाललेय बहुधा.

२० जानेवारी
आणखी फूटभर बर्फ पडला. छान!

२३ जानेवारी
आज मी डेलशी भांडले. "तुझं मापकच बिघडलंय," म्हटलं. "खोलात घालतोस तिथे १.३. दुसरीकडे कुठेतरी घालून दाखव."

"कुठे म्हणाल तिथे."

मी मुद्दाम हॉकीचं मैदान दाखवलं. गावातल्या बायकांचा संघ तळ्याच्या उथळ कोपऱ्यात खेळतो. कप्तान मार्सी, टपालखात्यात काम करते, आवाज भोंग्यासारखा. या बायका रोज सकाळी ताजा बर्फ फावड्याने खरवडून काढतात, खालचा काळा, काचेसारखा बर्फ उघडा ठेवतात. त्यांच्यावर मी तीन लेख लिहिलेत. एकही प्रेमाचा नाही.

डेलने तिथे भोक पाडलं. तार सोडली. मापक झटकलं. पुन्हा सोडली. तिसऱ्यांदा सोडली.

४.९!

बघायला आलेली डोलोरेस तिथेच बर्फावर गुडघे टेकून बसली आणि हसायला लागली. "उजेड! अगं सिल्वी, उजेड!"

मग तिने मला पाचवीतल्या पोरीसारखं शिकवलं. बर्फाखाली पाण्यात शेवाळ आहे, पाणगवत आहे. उजेड मिळाला तर ते प्राणवायू सोडतं. अंधारात तेही आपल्यासारखंच, नुसतं घेत बसतं. वरून बर्फाच्या झाकणातून हवा आत शिरत नाही, आणि त्यावर दोन फूट भुसभुशीत बर्फ म्हणजे पडदेही बंद. खाली मासे, किडे, गवत, गाळ, सगळे एकाच कोंडलेल्या हवेवर.

"म्हणजे पंप नको, फावडी हवीत?" मी विचारलं.

"फावडी हवीत."

आर्वोला कुणी सांगायचं? चिठ्ठ्या टाकल्या. माझ्या नावाची निघाली. देव आहे आणि तो माझे लेख वाचतो.

२४ जानेवारी
सांगितलं. आर्वोने खिडकीतून तळ्याकडे बघितलं. मग म्हणाला, "हॉकीवाल्या बायका?"

"हो."

"टोपी कुठाय माझी?"

२६ जानेवारी
साठ माणसं तळ्यावर! ट्रकला पुढे बर्फ लोटायचा फाळ लावलेले चारजण, बाकी हाती फावडं. लांबच लांब काळे पट्टे उघडे झाले. आर्वो उत्साहात मधोमध डोंगर रचायला लागला.

मार्सी ओरडली, "अहो खाणवाले! ढीग तिथे नको! वजनाने बर्फ वाकेल, पाणी वर येईल, गोठून पांढरं होईल, परत अंधार! काठावर न्या!"

"मी अध्यक्ष आहे!"

"असाल. फावडं नीट धरा!"

त्याने धरलं.

दुपारी सगळ्यांनी बर्फावरच पेस्टी खाल्ल्या, मोठ्या भाजलेल्या करंज्याच त्या, आत बटाटा आणि सलगम, कागदात गुंडाळून कोटाच्या खिशात गरम ठेवलेल्या. पाठ मोडली आहे. पेनही जड लागतंय.

२ फेब्रुवारी
१.१. वाढत नाही. डेल म्हणतो, धीर धरा. सोपं आहे त्याला, तो जिल्ह्याच्या गावी राहतो.

५ फेब्रुवारी
रात्रीतून आठ इंच पडला. सगळे पट्टे बुजले. मला वाटलं, संपलं.

सात वाजता खिडकीतून बघते तर आर्वो तळ्यावर. एकटाच. मग मार्सीचा ट्रक. मग डोलोरेस, दुखऱ्या कमरेला आधाराचा पट्टा बांधून! कुणी कुणाला फोन केला नव्हता. मी कॉफी तशीच टेबलावर टाकून पळाले.

९ फेब्रुवारी
१.६!!!

१७ फेब्रुवारी
२.९. डोलोरेसने मला बर्फाच्या उघड्या पट्ट्यावर पालथं झोपवलं, डोळ्यांभोवती हात धरायला लावले. काळ्या बर्फाच्या खालच्या अंगाला बुडबुडे चिकटलेले, रुपेरी, नाण्यांएवढे, शेकड्यांनी. गवताने सोडलेला श्वास, वर येऊन अडकलेला. मी चौपन्न वर्षं या तळ्यावरून चालले. खाली कोणी श्वास घेतंय हे एकदाही मनात आलं नाही.

शेजारी आर्वोही पालथा. म्हणाला, "याची टर उडवू नकोस."

नाही उडवत.

८ मार्च
४.४. सौनाचा नवा ठराव: आधी बायका. मार्सीने मांडला, आर्वोने अनुमोदन दिलं, विरोधात कुणी नाही. दगड लालबुंद होते. अहाहा!

२१ एप्रिल
बर्फ गेला. सवयीप्रमाणे सगळे पोती घेऊन काठाने निघालो. अख्खी फेरी मारली, साडेतीन मैल. मला बुटात खडा टोचत होता तरी थांबले नाही.

माझ्या पोत्यात एक तुटका गळ, एक हॉकीची चकती. मासा एकही नाही!

आर्वोने पोतं उलटं करून सगळ्यांसमोर झटकलं. काहीच पडलं नाही. मार्सीने असा आरडाओरडा केला की पलीकडच्या काठावरची बदकं उडाली. मी रडले, हे इथेच राहू दे.

१२ मे
खात्याची टाकीवाली गाडी आली. सगळे धक्क्यावर धावलो, मासे आले म्हणून. डेलने झाकण उघडलं. आत नुसतं पाणी. शेजारच्या जिल्ह्यातली दोन तळी या हिवाळ्यात गुदमरून गेली. तो मासे द्यायला आलाच नव्हता. आमच्याकडे मागायला आला होता.