नरपडच्या खोलीतले दाणे

१२ मे, सोमवार

सरळ ‘नाही’ कोणीच म्हणत नाही! आज तिसरं घर गेलं. स्टेशनजवळचं, दोन खोल्या, भरपूर उजेड. मालकीणबाईंनी आधी सरबत दिलं, मग आडनाव विचारलं. ‘वरठा’ हे आदिवासी आडनाव ऐकल्यावर सरबताचा पेला उचलून घेत म्हणाल्या, ‘‘मुलाचं लग्न ठरतंय बहुतेक, जागा आम्हांलाच लागेल.’’ मुलगा तिथेच मोबाइलवर खेळत होता. दहावीतला असेल!

लिहून काढते, म्हणजे डोकं ठिकाणावर राहील. जूनच्या मध्यात शाळा सुरू होईल. लेक रिया आठवीत जाणार, शाळा डहाणूला. आत्ताच्या घरून, म्हणजे उधव्याहून, तलासरी, तिथून दुसरी जीप, मग डहाणू. तिला गाडी लागते. गेल्या वर्षी पहिला तास तिला क्वचितच मिळाला, आणि उशिरा वर्गात शिरताना रोज सगळ्यांच्या नजरा. नवरा, प्रविण, तलासरीच्या ज्युनिअर कॉलेजात शिकवतो, माझी नोकरी डहाणूच्या पतपेढीत. दोघांनाही रोज जाऊन-येऊन करता येईल असं घर हवं. पण तेवढंच नाही. खरं लिहायचं तर असं घर हवं, जिथे रियाला ‘तू कुठली गं?’ असं कोणी विचारणार नाही. किंवा मग सगळ्यांनाच विचारतील!

१४ मे, बुधवार

चिखल्याला गेलो होतो, माझ्या माहेरी. ऋषभ, माझा भाऊ, वाडीतल्या मागच्या दोन खोल्या देतो म्हणाला. भाडं नाही, शाळा जवळ, चिकूची सावली. मन लगेच ‘हो’ म्हणायला निघालं होतं.

चहा आला. वाडीवर कामाला येणाऱ्या माणसांचे स्टीलचे पेले खिडकीत वेगळे ठेवलेले असतात. ती माणसं तलासरीकडची, प्रविणच्याच पाड्यांवरची. प्रविणला चहा कपातून आला, बशीसकट. रियाने खिडकीकडे पाहिलं, मग बाबांच्या कपाकडे.

निघताना मी पेल्यांचा विषय काढला, तर ऋषभ म्हणाला, ‘‘सोयीसाठी असतात गं ते पेले. तू प्रत्येक गोष्टीत काहीतरी शोधतेस.’’

शोधते का मी? सोळा वर्षं झाली लग्नाला. इतकी वर्षं त्याच घरी चहा पिते आहे आणि खिडकीकडे कधी पाहिलं नव्हतं. मग शोधत कुठे होते?

चिखले नको.

१८ मे, रविवार

मिळालं! बहुतेक मिळालं!

नरपडला, समुद्राच्या अलीकडे. तीन मजली इमारत. एजंट भावेशने रस्ताभर डोकं खाल्लं— ‘‘विनिताबेन, टेन्शनच नको. या बिल्डिंगमध्ये सगळ्या टाइपचे लोक आहेत. कोण कोणाला विचारणार?’’ खरंच आहे त्याचं. पहिल्या मजल्यावर केरळची नर्स आणि तिच्या जुळ्या मुली. समोर फरसाणवाले गुजराती. वर एक मुसलमान कुटुंब, गॅरेज आहे त्यांचं. त्यांच्या शेजारी निवृत्त मांगेला कोळी मास्तर. खाली स्वतः मालक गोविंदराव. जिन्यात सुक्या बोंबलांचा, हिंगाचा आणि नारळाच्या तेलाचा वास एकत्र. मला रडूच यायला लागलं होतं.

गेटवर लाहू म्हणून वॉचमन आहे, उधव्याच्याच बाजूचा. प्रविणशी लगेच त्यांच्या बोलीत सुरू. रियाला नर्सच्या जुळ्यांनी गच्चीवर पळवलं, ती उतरायलाच तयार नव्हती!

गोविंदराव सत्तरीचे. झोपाळ्यावर बसून मला विचारलं, ‘‘माहेर कुठलं तुझं?’’ चिखले म्हटल्यावर खूश. ‘‘म्हणजे तू भाईंची मुलगी! अगं, वाडीच्या पाण्याची पाळी आमची एकत्र असायची.’’ प्रविणला ‘सर’ म्हणाले. आडनाव विचारलंच नाही.

मीही सांगितलं नाही.

१९ मे, सोमवार

सांगायला हवं होतं का? प्रविण हसतो. ‘‘करार होईल तेव्हा आडनाव येईलच की कागदावर. तुला काय गेटवर बोर्ड लावायचाय?’’

तसं नाही. पण ‘भाईंची मुलगी’ ऐकल्यावर मला जे बरं वाटलं, ते मला आवडलं नाही.

२१ मे, बुधवार

गोविंदरावांना फोनवर आडनाव सांगितलं. ‘‘बरं. मग?’’ म्हणाले. एवढंच! उगाच माणसांविषयी वाईट धरून चालते मी. किल्ली साफसफाईसाठी दिली. करार रविवारी.

२३ मे, शुक्रवार

सासूबाईंना, म्हणजे जमनाआईंना, घर दाखवलं. त्यांनी नळ सोडून पाहिला, खिडकीतून थुंकायला निघाल्या होत्या, रियाने थांबवलं. मग म्हणाल्या, ‘‘माणसांना इचारलास. घराला इचारलास का?’’

त्यांच्याकडे नव्या जागेत रात्रभर तांदळाचे दाणे ठेवतात. कोपऱ्यात, पळसाच्या पानाखाली, छोटीशी रास. सकाळी दाणे जागच्या जागी असले तर घर राजी आहे. विखुरले तर नाही. प्रविण वैतागला— ‘‘आई, भाड्याच्या घराला कसले दाणे? आपण काय झोपडी बांधतोय?’’

मीच म्हटलं, ‘‘राहू दे की. त्यांना बरं वाटेल.’’ खरं तर मलाच बरं वाटत होतं. रियाच्या नव्या घरात तिच्या आजीची रीत व्हावी! आणि केवढी मोठ्या मनाची सून मी!

आईंनी कनवटीची पुरचुंडी सोडून दाणे ठेवले. नुसतेच पांढरे दाणे. मला ते उघडे-बोडके वाटले. पर्समध्ये महालक्ष्मीच्या जत्रेतली हळदकुंकवाची पुडी होती. मी चिमूट चिमूट टाकली. आई म्हणाल्या, ‘‘आमी नाय टाकीत ते.’’ मी म्हटलं, ‘‘असू दे, शुभ असतं.’’

दार लावून निघालो. सकाळी येऊन बघू.

२४ मे, शनिवार

आम्ही पोहोचायच्या आधीच गोविंदराव प्लंबरला घेऊन वर गेले. त्यांच्याकडे दुसरी किल्ली असणार, एवढंही सुचलं नाही मला!

भावेशने फोटो पाठवला. पांढऱ्या फरशीवर हिरवं पान, बाजूला केलेलं. दाणे, आणि त्यांवर ते लाल. फोटोत रक्तासारखं दिसतं. खाली लिहिलं होतं— ‘‘बेन, कोणीतरी करणी केली आहे. रविवारचं कॅन्सल. घाबरू नका, मालक बंदोबस्त करणार.’’

‘घाबरू नका’— म्हणजे किल्ली आमच्याकडे असूनही आमच्यावर संशयसुद्धा नाही.

मी उत्तर लिहिलं. पुसलं. पुन्हा लिहिलं. पुसलं.

२५ मे, रविवार

लाहूला गेटवरून काढलं.

‘‘तुमच्याकडची जादूटोण्याची माणसं,’’ असं गोविंदराव म्हणाले म्हणे. किल्ल्या ठेवायची पेटी गेटवर, रात्री तोच एकटा, आणि तो ‘तिकडचा’. झालं! प्रविणला त्याचा फोन आला. ‘‘सर, मी तं वरती गेलू पण नाय.’’ सध्या नुसतं घरी बसायला सांगितलंय.

भावेश हसत हसत बाकीचं सांगत होता. नर्सबाईंनी जिन्यात मेणबत्ती लावली. गॅरेजवाल्यांनी लोबान फिरवला. फरसाणवाल्यांनी दारावर लिंबू-मिरची बांधली. मास्तरांनी त्र्यंबकेश्वरहून आणलेलं पाणी शिंपडलं. सगळ्या टाइपचे लोक! आणि सगळ्यांचं एकमत!

हीच माणसं परवा रियाला गच्चीवर खाऊ देत होती. ती वाईट नाहीत. ती घाबरली आहेत. आणि त्यांना घाबरवलं मी. नुसते दाणे असते तर कोणी झाडून टाकले असते. उंदराने आणले म्हणाले असते. ती माझी चिमूट होती.

२७ मे, मंगळवार

गोविंदरावांना सांगायचं, ठरलं. पतपेढीतून दोनदा फोन लावला. एकदा लागला नाही. दुसऱ्यांदा लागला, तर मी विचारलं, ‘‘पाण्याचा दाब कसा आहे हो?’’

२८ मे, बुधवार

प्रविणशी बोलले. तो म्हणाला, ‘‘सांग. पण काय होईल ते आधी समजून घे. करणी करणारी म्हणून आईचं नाव नरपडपासून तलासरीपर्यंत जाईल. आमच्यात या नावावरून बायांना पाड्यातून हाकललंय, मारलंय. तुला हे पुस्तकातून माहीत आहे. मला नाही.’’

‘‘मग लाहू?’’

‘‘त्याला दुसरं काम बघतो.’’

‘‘मी म्हणेन, सगळं मीच केलं.’’

‘‘तू? दाणे तू ठेवलेस?’’

खोटं बोलून खरं सांगायचं! हे कसं करतात?

३० मे, शुक्रवार

रियाने विचारलं, ‘‘आई, आपलं नरपडचं घर का लांबलं?’’ मी म्हटलं, प्लंबिंगचं काम निघालंय. ती म्हणाली, ‘‘जुळ्यांनी फोनवर सांगितलं मला. भूत आलं होतं म्हणे. कोपऱ्यात भात खाऊन गेलं.’’ मग हळूच, ‘‘आजीचे दाणे होते ना ते?’’

‘‘तू काय सांगितलंस त्यांना?’’

‘‘काही नाही. तूपण नाही ना सांगितलंस?’’

माझ्याकडूनच शिकली.

१ जून, रविवार

आज जे झालं त्याला मी काय म्हणू?

यंदा पाऊस लवकर पडल्यामुळे शेवळं, ही रानातली पावसाळी भाजी, लवकर आली. आई दरवर्षी जुड्या बांधून डहाणूच्या बाजारात विकायला नेतात. आज पहाटे गेल्या. मला वाटलं, दुपारी येतील. आल्या संध्याकाळी. टोपली रिकामी. खुशीत होत्या.

‘‘लाहू गेटवर बसला परत,’’ म्हणाल्या.

शेवळांच्या जुड्या घेऊन त्या थेट नरपडला, गोविंदरावांच्या ओट्यावर. तिथे काय झालं ते त्यांनीच सांगितलं, जेवताना, भाकरी मोडत— ‘‘मी सांगितला, दाणे माझे, हळदकुंकू पण माझा. सुनेला काय माहित नाय, ती शाळा शिकलेली हाये. लाहूचा काय नाय यात. कोणाचा वाईट नाय केला, घराला इचारलू. मंग त्या म्हाताऱ्याने दोन जुड्या शेवळं घेतली. पैशे पण दिले हो!’’

प्रविण जेवता जेवता थांबला. मी म्हटलं, ‘‘आई, कुंकू माझं होतं!’’

‘‘हां, मंग? तू सांगत व्हतीस का? आठ दिस झाले, तुमी दोघं इचारच करतास. लाहूची बायको माझ्याकडं रडत आलेली.’’ मग रियाला डोळा घातला, ‘‘तुझ्या आयसला लई इचार पडतात. डोक्याचे केस जातील तिचे.’’

रिया हसली. मला हसता आलं नाही.

२ जून, सोमवार

गोविंदरावांचा स्वतःहून फोन. आवाज मऊ. ‘‘झालं गेलं विसरून जाऊ. म्हातारी साधी बाई आहे, मनात काही नाही. सगळ्यांना मी समजावलं. या तुम्ही राहायला. फक्त एक. त्या इथे नकोत यायला. नर्सबाईंची पोरं लहान आहेत, घाबरतात. तुम्हांला कधी भेटायचं तर तुम्ही उधव्याला जा की. एवढंच.’’

‘‘विचारून सांगते,’’ म्हणाले मी. कोणाला विचारून?

३ जून, मंगळवार

प्रविण म्हणतो, घेऊ या. मला धक्का बसला. तो शांतपणे म्हणाला, ‘‘दुसरं घर दाखव. चिखले तुला नको. स्टेशनजवळ आपण नकोत. शाळा पंधरा दिवसांवर आहे. आई तशीही शहरात दोन दिवस टिकत नाही.’’

‘‘त्यांनी न येणं वेगळं, आणि त्यांना येऊ न देणं वेगळं.’’

‘‘हो का? मग हे तेवीस तारखेला कळायला हवं होतं. घरात तिची रीत तुला हवी होती. मला नको होती. मी ओरडलो होतो.’’

बरोबर आहे त्याचं. त्यामुळे जास्तच चिडले. नको ते बोलले.

आईंना विचारलं. म्हणाल्या, ‘‘माना कशाला यायचा तिकडं? तिथं थुंकू पण देत नाय. पोरगी शनवारी येल ना इकडं?’’ आणि चुलीकडे तोंड फिरवून बसल्या. बराच वेळ फुंकत होत्या. चूल चांगली पेटलेली होती.

४ जून, बुधवार

रात्रभर एकच हिशेब. घर घेतलं तर रियाला शाळा वेळेवर, जुळ्या मैत्रिणी, गच्ची, सगळ्या जातीधर्मांचे शेजारी— हवं होतं ते सगळं. आणि आजी चोरून भेटायची गोष्ट. नाही घेतलं तर जीप, उलट्या, उशीर. माझ्या चिमटीची किंमत कोणी ना कोणी देणारच. आत्तापर्यंत मी सोडून सगळ्यांनी दिली.

उद्या जाऊन सगळं सांगते. कुंकू माझं होतं, किल्ली माझ्याकडे होती, हट्ट माझा. मग मला सुद्धा ‘येऊ नको’ म्हणाले तर म्हणोत. निदान मग अट सगळ्यांना सारखी होईल. प्रविणला सांगितलं. ‘‘जा,’’ म्हणाला. मग थोड्या वेळाने, ‘‘मी येऊ का?’’

नको म्हटलं.

५ जून, गुरुवार

गोविंदराव झोपाळ्यावरच होते. पहिल्यापासून सगळं सांगितलं. पुडी कुठली, ती कुठे होती, आई काय म्हणाल्या, मी काय म्हणाले. त्यांनी शांतपणे ऐकून घेतलं. मग हसले.

‘‘सासूसाठी किती करतेस गं! पण मला नको सांगू. भाईंची मुलगी असलं काही करणार नाही.’’

मी पुन्हा सांगितलं. मोठ्याने सांगितलं. जिन्यातून नर्सबाई डोकावल्या.

‘‘बरं बरं,’’ म्हणाले, आणि किल्ली पुढे केली.

मी हात पुढे केला नाही.