एका पत्रावळीवर दोघं

बाबा, उद्या सकाळी आमची टोळी हैदराबादला बांधकामावर निघते. धानाची चुरणी झाली, बोडीचं पाणी आटलं, तिच्यातल्या मासोळ्या काढून झाल्या, आता पेरणीपर्यंत गावात हाताला काम नाही. हे तुम्हाला मी काय सांगायचं. तुम्ही गेलात तेव्हा मी आठ वर्षांचा होतो, आता बावीस. आज दुपारी खळ्यावर जाणाऱ्यांचं जेवण झालं. तिथं जे घडलं ते सांगायला मला तुमच्याशिवाय कोणी सुचलं नाही.

जेवण तुमच्या वेळेसारखंच होतं अजून. जाणारा प्रत्येकजण नव्या चिन्नोर तांदळाची एकेक ओंजळ आणतो, सगळ्यांचा भात एकाच गंजात शिजतो, आणि मागे राहणारे वाढतात. वर्षभरात ज्यांचं एकमेकांशी वाजलं असेल ते दोघं एका पत्रावळीवर बसतात. माफी कोणी मागत नाही, कोणी मागूही देत नाही. फक्त एका पानातलं जेवायचं आणि उठायचं. लहानपणी मला हा मोठ्या माणसांचा काहीतरी खेळ वाटायचा. तुमच्या शेवटच्या वर्षी तुम्ही शेजारच्या काकांसमोर बसलात. दोन शेतांमधल्या धुऱ्याच्या भांडणावरून वर्षभर तुम्ही त्यांच्याशी बोलला नव्हता. मी तुमच्या मांडीला टेकून बसलोय. पानात मासोळीचं मुंडकं पडतं, मी झडप घालतो, आणि तुम्ही माझ्या हातावर चापट मारून ते काकांच्या बाजूला सरकवता.

"त्याले काहून?" मी रडत विचारलं.

"तिकडं चौथ्या माळ्यावर मी लटकून राहतो, तवा दोर याच्या हातात राहते," तुम्ही म्हणालात. "अन् याचा माह्या हातात."

काका मान वर न करता म्हणाले, "पोराले कायले रडवतं बे? मुंडक्यात तसंबी मीठ जास्त झालं हाय." सगळं खळं हसलं. मी सोडून.

चार महिन्यांनी तेच काका तुम्हाला घेऊन आले. तुम्ही तापानं फणफणलेले, डोळे पिवळे, आणि जीपमधून तुम्हाला उतरवता उतरवता काकाच अंगणात कोसळले. आईला वाटलं, यांनाही काही झालं. ते मांडी चोळत बसून राहिले आणि म्हणाले, "काही नाही वैनी, पायाले मुंग्या आल्या. गाडीत याचं डोकं मांडीवर होतं, हैदराबादपासून गोंदियापर्यंत मांडी हालवली नाही. हालवली असती तं त्याले जाग आली असती." तुम्ही दोन दिवसांनी गेलात. मला तुमचा चेहरा आता नीट आठवत नाही, खोटं कशाला बोलू, पण काकांची ती मांडी आठवते. एक माणूस एवढा वेळ हलत नाही, तेही ज्याच्याशी वर्षभर अबोला होता त्याच्यासाठी! मी आजवर त्याहून मोठं काही पाहिलं नाही.

माझा राग तुम्ही पाहिला नाही. आई म्हणते तुमचाच आहे, पण तुमचा निवायचा. बालाघाटला कॉलेजात मी आणि गावातलाच माझा दोस्त एका खोलीत राहायचो. त्याची बहीण मला आवडते. आवडते म्हणजे काय, तिचा मिस कॉल आला तरी माझं दिवसभर कशात लक्ष नसायचं. मग तिच्या घरी कळलं आणि तिला तिरोडीला मामाकडे पाठवलं. दोस्ताशिवाय कोणाला ठाऊक नव्हतं, म्हणजे सांगणारा तोच, एवढा हिशोब माझ्या डोक्यानं केला. भर वर्गात, सरांसमोर, मी त्याच्या तोंडात मारली, हातातली वही भिरकावली आणि गावी निघून आलो. दुसरं वर्ष तिथंच संपलं. त्यानं हात उचलला नाही, तोंडही उघडलं नाही. मला वाटलं, चोर आहे, काय बोलणार.

यंदा त्याच्या मोठ्या भावाचा हात मोडला, म्हणून भावाच्या जागेवर तो टोळीत आला. टोळी आता काकांची आहे. काल मी त्यांना सांगितलं, मी याच्यासोबत जेवणार नाही.

"नको जेवू," काका म्हणाले. "मंग घरी राहाय. एका पानात जेवत नाही त्याच्या हातात मी कोणाचा दोर देत नाही. तुह्या बापाले विचारलं असतं तं हेच सांगतलं असतं."

आज मी गेलो खरा, पण पानाशी बसून भाताला हात लावला नाही. तो समोर बसला, तोही थांबला. तेवढ्यात वाढायला ती आली. सणाला आणतात तसं या जेवणासाठी मामाकडून परत आणलं होतं तिला. मासोळीचा रस्सा दोघांच्या मध्ये ओतत ती हळूच म्हणाली, "याले काहून मारलं? आईले तं मीच सांगतलं होतं. लपवून लपवून थकली होती मी."

माझे कान तापले. मी त्याच्याकडे पाहिलं. "तुले माहीत होतं?"

"हौ."

"मंग वर्गात बोलला काहून नाही बे?"

"चाळीस पोरांसमोर बहिणीचं नाव घेऊ?" तो म्हणाला. "जेव ना बे, भात थंडा होऊन राह्यला."

बाबा, एवढे दिवस त्यानं ती थापड अंगावर ठेवली, एका शब्दानं उतरवता आली असती तरी. तुमच्या मित्राची मांडी आणि माझ्या मित्राचं बंद तोंड, मला आज दोन्ही एकच वाटतं. माफी मागायची नाही हा नियम कोणी केला माहीत नाही, पण मागायची असती तर माझ्याच्यानं झालं नसतं, मी उठून पळालो असतो. मी भातात हात घातला. पानात मुंडकं होतं. मी ते त्याच्याकडे सरकवलं. त्यानं मधोमध फोडून अर्धं परत केलं.

खळ्यावरून निघताना त्यानं पिशवीतून माझी भिरकावलेली वही काढून दिली. तिच्याच मागच्या कोऱ्या पानांवर हे लिहितोय. काका मघाशी आईला सांगत होते, पोरगं बापावर गेलं, मुंडकं तसंच सरकवलं. आई पदरानं डोळे पुसत होती, म्हणून मी काही बोललो नाही. तुम्हाला सांगतो. तेव्हा मला तुमची आठवणही नव्हती. ती रश्श्याचं भांडं घेऊन तिथंच उभी होती आणि बघत होती, म्हणून सरकवलं.