नुरिलाच्या पायांतला दोरा

आईस कालिपाचा बिश्केकहून सलाम.

काळजी करू नकोस, नुरिलाच्या मेंदूचं ऑपरेशन झालं. झटके थांबलेत. चहात बुडवून बोरसोक खाते. घोडी व्याली का?

उजवा पाय मात्र उचलत नाही. डॉक्टरीणबाई म्हणतात, "अगं, तुझ्या लेकीचा मेंदू तीनच वर्षांचा आहे! काढलेल्या भागाचं काम उरलेला शिकून घेईल." मी मान डोलावते. पण नाही शिकला तर?

पहिल्यांदा चालायला लागली, तेव्हा पाऊल मोकळं व्हावं म्हणून आपल्या रीतीप्रमाणे पायांना बांधलेला काळा-पांढरा दोरा तू कापलास आणि ती सुटली ती थेट मेंढ्यांत. काल मी तसाच दोरा पुन्हा बांधला. वर मोजे चढवलेत, बाईंना दिसू नये म्हणून.

कात्री उशाशी आहे, पण माझा हात धजत नाही. कापूनही ती उठली नाही तर? तू ये गं, तूच काप.

तुझी,
कालिपा