टॉवेल

विश्रामबाग, सांगली
४ जून २०२५

चि. धैर्यशील यास अनेक आशीर्वाद.

फोनवर तू नुसता हं म्हणतोस, म्हणून लिहिते. तुझ्या सिनेमातला सुपरहिरो आता पुरातून जिवंत वर येणार, का तर स्टुडिओला दुसरा भाग काढायचाय! आपला जयराज सहा वर्षांपूर्वी होडीतून माणसं काढताना गेला. भावावर सिनेमा केलास ना? मग बुडाला तो बुडालाच दाखव. आणि त्याच्या खांद्यावर कायम असायचा तो टॉवेल काढून म्हणे सुपरहिरोला लाल झगमगीत झूल! झूल आपल्याकडे बेंदराला बैलावर घालतात, हे त्या शहाण्यांना कुणी सांगितलं नाही?

आमच्या कॉन्व्हेंटच्या सिस्टरनी एक गोष्ट पक्की केली होती. न पटलेल्या मजकुराखाली आपलं नाव घालायचं नाही. तू सिनेमावरून नाव काढून घे.

आईला जप. लोभ आहेच, तो टिकवायचा तर उत्तर पाठव.

तुझी,
संयोगिताआत्या

उंब्रज
११ जून २०२५

ती. आत्यास सा. न. वि. वि.

पत्र वाचून राग आला नाही. हल्ली काहीच येत नाही. बैठकीत स्टुडिओवाल्यांनी दोन्ही शेवट लावून पाहिले. माझा संपला, तेव्हा कुणीतरी चहा मागवला. करारात शेवटचा शब्द त्यांचा. माझ्या हातात फक्त नाव काढणं. तेही तीस तारखेपर्यंत कळवायचं.

रविवारी सांगलीत मोजक्या लोकांना त्यांचा सिनेमा दाखवून मतं घेणार आहेत. दोन पास सोबत आहेत. आई म्हणते, लय दिस झालं, वन्संकडं जाऊन येते. तिला शेवटाचं काही सांगितलेलं नाही. तुम्ही दोघी बघून या, मग नाव काढतो.

लोभ होता तसाच राहू द्या, त्याहून जास्त मागवत नाही.

आपला,
धैर्यशील

विश्रामबाग, सांगली
१६ जून २०२५

चि. धैर्यशील यास आशीर्वाद.

वहिनीला आत्ताच एसटीत बसवून आले.

मी भांडायच्या तयारीनं गेले होते. पडद्यावर पाणी चढलं, तो आत गेला. मग तो वर आला. मी वहिनीचा हात धरला, उठू या म्हटलं. ती उठेना. म्हणाली, आवं वन्सं, थांबा की, आलाय न्हवं त्यो.

रडली नाही. बाहेर आल्यावर एवढंच म्हणाली की, पोरगं एवढं भिजून आलं, पर खांद्यावर टॉवेल न्हाई, आंग कशानं पुसायचं त्यानं? घरी खिचडी खाल्ली, ताट विसळलं. मत लिहायचा कागद दिला होता, तो पर्समध्ये कोराच आहे.

तेव्हा नाव काढू नकोस. शेवटही राहू दे त्यांचा.

टॉवेलासाठी मात्र भांड.

लोभाचं वेगळं काय लिहू.

आत्या