जेवणानंतरचा अभिप्राय

आई, आज अकोल्यात आमच्या कंपनीचा ग्राहक मेळावा होता. जिनिंगवाल्यांसाठी कापूस खरेदीचं सॉफ्टवेअर आम्ही करतो, आणि ते कसं वापरायचं याची पुस्तिका मी लिहिते. तू गेलीस तेव्हा मी कॉलेजात होते, म्हणून हे सांगावं लागतं. सभागृहाच्या दाराशी माझं टेबल. येईल त्याला पुस्तिका दाखवायची, वाचा म्हणून गळ घालायची आणि जाताना अभिप्राय घ्यायचा. साहेबांनी आधीच बजावलं होतं, पुस्तिका कोणाच्या कामाची नसेल तर तुमचा विभाग ठेवायचा कशाला? म्हणजे माझी आणि सोबतच्या दोघींची नोकरी त्या अभिप्रायाच्या कागदांवर.

आणि आम्ही शहाण्यांनी अभिप्राय ठेवला जेवणानंतर. वऱ्हाडी माणसाला आग्रह करकरून वाढायचं आणि मग म्हणायचं, आता आम्हाला नावं ठेवा. सगळ्यांनी ‘छान’ लिहिलं. अकोटचे एक जिनिंगवाले तर हसून म्हणाले, “मॅडम, तुमच्या इथं जेवलो ना आमी. आता नावं काहून ठेवू?” खाल्ल्या मिठाला जागणारी माणसं. तो गठ्ठा हातात आला आणि मला एका जागी बसवेना.

तुझा अमरावतीचा शिवणक्लास आठवत राहिला. मी दहावीत आहे, ब्लाउज बेतायची कृती मी सुंदर अक्षरात लिहून काढली आहे. तू ती एका नव्या मुलीच्या हातात देतेस आणि मला गप्प उभी करतेस. ती वाचते, कात्री चालवते, बाही तोकडी पडते. मला रडू येतं. तू कापड गोळा करत म्हणतेस, “काहून रडून राहिली? तुवं लिहिलेलं तुले समजते. तिले समजलं का?” फार राग आला होता तुझा.

मी अकोटवाल्यांना परत बोलावलं. पुस्तिका उघडून दिली, म्हटलं, यात बघून या लॅपटॉपवर कापसाच्या एका गाडीची खरेदी पावती काढून दाखवा, मी बोलणार नाही. मधल्याच एका ओळीशी ते अडले. पान उलटलं, मागे आले, बोट तिथंच ठेवून माझ्याकडे पाहत राहिले. “नाही समजून राहिलं, मॅडम. खरं सांगू का? आमी हे वाचतच नाही. तुमच्या ऑफिसले फोन लावतो.”

साहेबांना मी तेच सांगितलं. सुधारायला थोडा वेळ मागितला. ते म्हणाले, “सगळे छान म्हणताहेत आणि तुम्हीच नाही म्हणता?” सोमवारी कळवतो म्हणाले. परतीच्या बसमध्ये सोबतच्या दोघी माझ्यापासून लांब, मागच्या सीटवर जाऊन बसल्या, आणि त्यांचं तरी काय चुकलं.

घरी आल्यापासून नुसती येरझारा घालतेय. बरोबर केलं की तिघींच्या पोटावर पाय दिला, कळत नाही. नवरा म्हणतो, छान केलंस. मुलगीही तेच म्हणते. हे पत्र कुठं टाकायचं नाही, ठाऊक आहे मला. तू शाबासकी द्यावीस म्हणूनही लिहिलं नाही. आई, तू गेल्यापासून तोंडावर ‘चुकलं’ म्हणणारं माझं असं कोणी राहिलं नाही.