व्याह्यांना दाखवायचं स्पॅनिश पुस्तक

१२ एप्रिल २०२५

उशीर झाला, माफी असावी. ही डायरी विम्याच्या एजंटने जानेवारीत दिली आणि आज एप्रिलात मी पहिलं पान लिहितो आहे. रागात अक्षर बिघडतं, म्हणून राग उतरायची वाट पाहत होतो. उतरला नाही. आता रागातच लिहितो.

राग व्याह्यांवर. कवडूजी. लकडगंजात लाकडाची टाल, म्हणजे वखार. आमची दामिनी त्यांच्या घरी दिली आहे. जानेवारीत नातीचं, रितिकाचं बारसं झालं. त्यांच्या हॉलमध्ये भिंतीवर मोठं चित्र होतं. मी जवळ गेलो, हात लावून पाहिलं आणि म्हटलं, कॅलेंडर छान आहे, तारखा कुठे आहेत? तर कवडूजी साऱ्या पाहुण्यांसमोर म्हणाले, "महादेवराव, कॅलेंडर नोहे जी ते, ऑइल पेंटिंग होय. हात नका लावू, पॉवर हाऊसचं ग्रीस लागन." सारे हसले. जावई सुशीलसुद्धा.

मी जन्मभर खापरखेड्याच्या पॉवर हाऊसला फिटर होतो, हे खरं. पण रिटायर होऊन किती वर्षं झाली! ग्रीस कुठलं?

त्याच दिवशी ठरवलं. कवडूजी माफी मागत नाहीत तोवर त्या घराची पायरी चढायची नाही. बारशानंतर नात पाहिलेली नाही. तो दोषही त्यांचाच.

१५ एप्रिल

निश्चय. कलेचा संग्रह करायचा. त्यांच्यापेक्षा मोठा. मग त्यांना घरी बोलवायचं. ते चित्राकडे हात नेतील. मी म्हणेन, "हात नका लावू जी." बस, एवढंच. आरशासमोर म्हणून पाहिलं. चांगलं येतं.

१९ एप्रिल

बर्डीच्या बाजारातून पेंटिंग आणलं. तळं, बदकं, मागे डोंगर. दुकानदार म्हणाला, ओरिजिनल आहे. हॉलमध्ये लावलं. बायको मनकर्णा म्हणाली, "काहून जी, भिंतीले छिद्रं पाडून राहिले?" तिला कला कळत नाही.

३ मे

पेंटिंग कूलरसमोर होतं. फवाऱ्याने बदकं तळ्यात विरघळली. ऑइल नव्हतं म्हणे. चूक माझी नाही. नागपुरात मे महिन्यात कूलर बंद कोण ठेवतो?

पेंटिंग हा प्रकारच कच्चा. कवडूजींना कच्चा माल आवडतो, त्याला मी काय करू.

९ मे, संध्याकाळी

नशीब उघडलं. बर्डीच्या फुटपाथवर जुनी पुस्तकं विकणारा प्रीतम आहे. त्याच्याकडे एका बंद पडलेल्या बंगल्यातली पुस्तकं आली आहेत. त्यात एक जाडजूड, चामड्याच्या पुठ्ठ्याचं, पानापानावर पक्ष्यांची रंगीत चित्रं. मी म्हटलं, इंग्लिश आहे का? तो म्हणाला, "इंग्लिश कायचं काका, स्पॅनिश आहे. पुऱ्या नागपुरात कोणाच्या बापाले वाचता नाही येणार."

हे ऐकलं आणि ठरलंच. मी सातवी पास. मराठी पुस्तक घेतलं तर कवडूजी चुका काढतील. इंग्लिश घेतलं तर सुशील काढेल. स्पॅनिशमध्ये आम्ही सारे सारखे. वर पुस्तक माझं, म्हणजे मी एक पायरी वर.

किंमत इथे लिहीत नाही. मनकर्णा डायरी वाचत नाही, पण खात्री नाही.

१७ मे

प्रीतमने मुंबईच्या एका मॅडमचा नंबर दिला. मिनल मॅडम. जुनी पुस्तकं तपासणं हाच त्यांचा धंदा. फोटो पाठवले. अर्ध्या तासात त्यांचाच फोन. म्हणाल्या, अडीचशे वर्षांपूर्वीचं आहे, एकेक चित्र हाताने रंगवलेलं, अशा प्रती जगात फार थोड्या उरल्या. मी जूनमध्ये नागपूरला येते आहे, तोपर्यंत काहीही करू नका. जसं आहे तसं ठेवा.

कवडूजी, आता बघा.

१८ मे

झोप नाही. घरात कूलर. कपाटात उधई, म्हणजे वाळवी. मनकर्णाचे तेलाचे हात. शिवाय कवडूजींना पत्ता लागला तर? पुस्तक गादीखाली ठेवलं. मग वाटलं, दबेल. पिठाच्या डब्यावर ठेवलं. मग वाटलं, पीठ लागेल. आता मांडीवर आहे.

२३ मे

मॅडम म्हणाल्या काही करू नका. मोठी माणसं असंच म्हणतात. त्यांच्या घरी एसी असतो. माल माझा आहे, काळजी मलाच घ्यायला हवी.

माझे पेन्शनचे कागद, दामिनीच्या मार्कशीटा, जमिनीचा सातबारा, सारं मी लॅमिनेट करून ठेवलं आहे. आजवर एका कागदाला डाग नाही.

२६ मे, संध्याकाळी

काम फत्ते. बर्डीवर झेरॉक्सच्या दुकानात पूर्ण दुपार बसलो. पुस्तकाची शिवण लॅमिनेशनच्या मशीनमध्ये जात नव्हती, म्हणून त्यांनी कटरने ती काढून दिली. एकेक पान गरम रोलरमधून सपाट, कडक, चकचकीत होऊन निघालं. सर्वात जाड प्लॅस्टिक घेतलं. दुकानदार म्हणाला, "आता यावर भाजीचा रस्सा सांडला तरी कपड्यानं पुसा." चामड्याचा पुठ्ठा उरला, तो मनकर्णाने शेगडीखाली घातला.

एकच अडचण. आता पानांना हात लावला तर काहीच होत नाही. मग "हात नका लावू" कशाला म्हणायचं? विचार केला. तरी म्हणायचं.

१५ जून, रात्री

सारे आले होते. कवडूजी, सुशील, दामिनी, कडेवर रितिका. मिनल मॅडम स्टेशनवरून सरळ इथेच. टेबलावर नवी चादर, त्यावर पानांचा ढीग. कवडूजींनी हात पुढे केला. मी म्हटलं, "हात नका लावू जी, स्पॅनिश आहे."

त्यांनी खरंच हात मागे घेतला. पाठीमागे बांधून उभे राहिले. जानेवारीपासून मी याच एका क्षणासाठी जगत होतो. क्षण चांगला होता.

मग मॅडमनी एक पान उचललं. खिडकीशी नेलं. दुसरं उचललं. म्हणाल्या, "हे कुणी केलं?" मी म्हटलं, "मीच. दोन्ही बाजूंनी." त्या म्हणाल्या, "हे निघेल का?" मी म्हटलं, "निघायचा प्रश्नच नाही मॅडम, गॅरंटी आहे."

त्या खुर्चीत बसल्या. पाणी मागितलं. मग हळूहळू सांगितलं, की कागद प्लॅस्टिकमध्ये कायमचा गेला. आता ते पुस्तक नाही.

मी कवडूजींच्या हसण्याची वाट पाहिली. हसले असते तर बरं झालं असतं, उत्तर तयार होतं. पण त्यांनी एक पान हातात घेतलं, बराच वेळ त्यावरचा पक्षी पाहिला आणि खाली ठेवलं. माझ्या खांद्यावर हात ठेवून म्हणाले, "जाऊ द्या महादेवराव, होते असं."

मी रितिकाला घ्यायला गेलो. ती ओरडून रडली. दामिनी म्हणाली, "बाबा, ती ओळखत नाही तुमाले. कशी ओळखन? पाच महिने झाले, तुम्ही आलेच नाही." मग तिने एक लाल पोपटाचं पान रितिकाच्या हातात दिलं. पोरगी गप्प झाली आणि पान चावत बसली. सुशील म्हणाला, "हे मस्त आहे, फाटत नाही." पान घेऊनच गेले.

१९ जून

कवडूजी हसले नाहीत, हा पहिल्यापेक्षा मोठा अपमान आहे. याचा बदला घ्यायचा. कसा, ते सुचत नाही.

२७ जून

सुचलं नाही.

आज माफीची अट काढून टाकली. मनकर्णाला सांगितलं. ती म्हणाली, "मंग जा ना जी, कोणी धरलं हाय तुमाले?" बाईला रीत कळत नाही. मुलीच्या सासरी बोलावल्याशिवाय बाप कसा जाईल? आणि बोलावणार कोण? येणार नाही असं मीच गावभर सांगून ठेवलं आहे. फोन चार्जिंगला लावला आहे, आवाज मोठा केला आहे.

दामिनी, तू हे वाचणार नाहीस. तरी लिहितो. एक फोन कर. नुसतं "बाबा, या" म्हण. "या" नाही म्हटलं तरी चालेल, "बाबा" म्हण. मी बाकीचं समजून निघतो. पोरगी लवकर मोठी होते आहे, तेव्हा लवकर कळव.